चुन्याचा उजेड

आमच्या काकूनं एका माणसावर सूड उगवला, पण अगदी सावकाश. घाईनं केलेल्या कामावर तिचा विश्वास नव्हता. ती शिवणकामातली बाई. टाका पहिल्यांदाच असा घालायचा की पुन्हा उसवायची वेळ येऊ नये, हे तिचं सगळ्याच बाबतीत होतं.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही एकाच घरात राहायचो. खालच्या दोन खोल्या आमच्या, वरची मोठी खोली काका-काकूंची. दोघंही एकाच नाटक कंपनीत कामाला होते. काका दिव्यांचं बघायचे, काकू कपड्यांचं. काका म्हणायचे, "स्टेजवर राजा आला की त्याचा झगा हिचा आणि त्याच्यावरचा उजेड माझा. मधला राजा तेवढा कंपनीचा." हा विनोद ते दर पाहुण्याला ऐकवायचे आणि काकू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

काका उंच, काटकुळे, लांब हातांचे. बोटांची टोकं दिव्यांनी भाजून भाजून गुळगुळीत झालेली. अंगाला कायम स्पिरिटचा वास, कारण दिव्यांच्या काचा ते स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसायचे. दारूचं म्हणाल तर चहाचा दुसरा कप घेतला की छातीत धडधडतं म्हणणारा हा माणूस.

कंपनीत एक नायक होता. देखणा, खणखणीत आवाजाचा. उजेड कुठे पडलाय हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. पावसात माणूस आपोआप छपराखाली सरकतो, तसा तो आपोआप उजेडात सरकायचा. काका घरी त्याला 'दिवटा' म्हणायचे, मशाल या अर्थानं, तेव्हा कौतुकानंच. पुढे घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द कायम ठेवला. फक्त वाया गेलेल्या पोराला आपण ज्या अर्थानं दिवटा म्हणतो, त्या अर्थानं.

एकदा त्याची मुलाखत पेपरात आली होती. 'मला लाइमलाइटची हौस नाही,' असं त्यानं म्हटलं होतं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पोट धरून हसले. मी तेव्हा शाळेत होते. लाइमलाइट म्हणजे काय, म्हणून मी विचारलं.

"चुन्याचा उजेड," काका म्हणाले. "लाइम म्हणजे चुना. विजेचे दिवे नव्हते तेव्हा थिएटरात चुन्याच्या खड्यावर आगीची ज्योत सोडायचे. खडा असा पांढराफेक पेटायचा की बघत राहावं. तो नटाच्या तोंडावर टाकायचा. आणि खड्यापाशी एक माणूस घामाघूम होऊन उभा, खडा फिरवत."

"त्याचं नाव यायचं का पेपरात?" काकूनं विचारलं.

"खडा फिरवणाऱ्याचं?" काका पुन्हा हसले.

काका पडले ती दुपारची तालीम होती. नव्या नाटकातलं शेवटचं भाषण बसवणं चाललं होतं आणि दिवट्याला वरचा दिवा थोडा डावीकडे हवा होता. त्याच्या मते त्याची डावी बाजू जास्त चांगली होती. शिडी धरणारा गडी जेवायला गेला होता. काका म्हणाले, तो येऊ दे, मग सरकवतो.

"अरे, मी आहे ना," दिवटा म्हणाला. "मी धरतो. चढ तू."

काका खूश झाले. नायक आपली शिडी धरतोय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? ते चढले. काकू बाजूला पडद्याआड बसून एका घागऱ्याची किनार दुमडत होती, तोंडात टाचण्या धरून. तेवढ्यात दारातून पेपरचा फोटोग्राफर आत आला.

"साहेब, एक फोटो मिळेल का?"

दिवट्यानं शिडी सोडली. केसांतून हात फिरवला आणि जिथे उजेड पडला होता तिथे जाऊन उभा राहिला. वर काका दोन्ही हातांनी दिवा धरून बाहेर झुकलेले. शिडीचा पाय घसरताना काकूनं पाहिला. पण तोंडात टाचण्या होत्या. त्या थुंकल्याशिवाय ओरडता येईना, आणि त्या थुंकेपर्यंत काका खाली आले होते.

माणसं धावली. काका बेशुद्ध. आणि कोणी काही विचारायच्या आधीच दिवटा बोलला. हे 'आधीच' काकू नेहमी जोर देऊन सांगायची.

"घेऊन आला होता तो. वास बघा."

सगळ्यांनी वाकून वास घेतला. वास होताच. स्पिरिटचा.

दिवटा निघून गेल्यावर मालक आले. काकूनं त्यांना सांगितलं, शिडी साहेबांनी धरली होती, फोटोसाठी सोडली. मालकांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तिला पुढे बोलवेना. कोणीतरी म्हणालं, बायको काय, नवऱ्याचीच बाजू घेणार. फोटोग्राफरला विचारलं तर तो म्हणाला, "मी साहेबांकडे बघत होतो." त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळेच साहेबांकडे बघत होते.

काकांची कंबर गेली. एक पाय लुळा पडला, दुसरा नुसता टेकवण्यापुरता उरला. दारू पिऊन पडला म्हटल्यावर कंपनीनं हात झटकले. काकूचं कपड्यांचं काम तेवढं राहिलं. काका वरच्या खोलीत खिडकीपाशी पलंगावर बसून लोकांचे पंखे, इस्त्र्या, रेडिओ दुरुस्त करू लागले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिवट्याचा तो फोटो आला होता, हसरा, केस विस्कटलेले. काकूनं तो कापला आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवला, साखरेच्या डब्यासमोर. साखर दिवसातून चार वेळा लागते, असं ती म्हणाली.

काकांना राग धरता यायचा नाही. "जाऊ दे गं," ते म्हणायचे. "त्यानं मुद्दाम थोडंच केलं."

"सोडली ती चुकून सोडली असेल," काकू म्हणायची. "बोलला तो मुद्दामच बोलला."

इथवर येऊन थांबलं असतं तर कदाचित काकूही दमून गप्प बसली असती. पण दिवट्यानं त्या पडण्याचा किस्सा केला. सत्कारात, मुलाखतीत, कुठेही हशा हवा असला की तो काढायचा. एका संध्याकाळी रेडिओवर लागला. काकांनी तो रेडिओ नुकताच दुरुस्त केला होता आणि नीट वाजतो का ते बघत होते.

"आमचा एक दिवेवाला होता," दिवट्याचा आवाज खोलीत घुमला. "बिचारा स्वतःच इतका पेटलेला असायचा, की दिवे कशाला लावतो असं वाटायचं. एकदा तालमीत वरून थेट माझ्या पायाशी. मी म्हटलं, अरे, नमस्कार करायचा तर शिडी उतरून ये की." मुलाखत घेणारा खो खो हसला.

काका म्हणाले, "बंद कर गं."

काकूनं आवाज वाढवला. किस्सा संपेपर्यंत ती रेडिओपाशी उभी राहिली. आई सांगते की त्या रात्री काकू चांगली पोटभर जेवली आणि काकांना म्हणाली, "मला झोत धरायला शिकवा."

झोत धरणं म्हणजे काय, तर प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, बाल्कनीच्याही वर, एक खोली असते. तिथे फिरत्या खांबावर मोठा दिवा बसवलेला असतो. नट स्टेजवर जिकडे जाईल तिकडे त्या दिव्याचा गोल उजेड न्यायचा. नटाच्या मागे नाही आणि पुढेही नाही, त्याच्याबरोबर. काकांनी तिला खोलीत पडदे ओढून, टॉर्च हातात देऊन शिकवलं. नट कुठला आणायचा? मग आमच्या मांजरावर सराव सुरू झाला. मांजर उडी कुठे घेणार हे ते उडी घ्यायच्या आधी ओळखायचं, मान बघायची, खांदा बघायचा. मांजर कंटाळून पळून गेलं की आईवर. आई केर काढायला लागली की तिच्या तोंडावर गोल उजेड.

"मी काय नटी आहे का गं?" आई वैतागायची.

"वाकताना जरा डावीकडे वळा, वहिनी. छान दिसता," काकू म्हणायची.

पलंगावरून काका हसत सूचना द्यायचे. पडल्यापासून ते इतके खुशीत कधी नव्हते. त्यांना वाटलं, बायकोला आपली विद्या घ्यायचीय. तिला ती कशाला हवी होती, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

कंपनीचा झोत धरणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा काकू मॅनेजरकडे गेली. काकांना काढलं तेव्हा मॅनेजर मालकांसमोर गप्प बसला होता, त्यामुळे त्याची मान तिच्यासमोर कधी वर होत नसे. त्यानं तिला घेतलं. लोक तिला झोतबाई म्हणू लागले.

आता तुम्हाला वाटेल की तिनं लगेच दिवट्याला अंधारात उभं केलं असेल. छे. पहिली काही वर्षं तिनं त्याच्यावर इतका सुंदर झोत धरला, की तसा त्या थिएटरात कोणी धरला नव्हता. तो वळायच्या आधी उजेड वळायचा. तो गुडघ्यावर बसला की झोत त्याच्याबरोबर श्वास सोडल्यासारखा खाली यायचा. आईनं तिला एकदा विचारलंसुद्धा, हा काय प्रकार आहे म्हणून.

"लाडावून ठेवतेय त्याला," काकू म्हणाली. "कुबडी दिल्याशिवाय काढून घेता येत नाही, वहिनी."

आणि तसंच झालं. पूर्वी उजेड शोधत जाणारा हा माणूस आता उजेडाचं भान ठेवीनासा झाला. कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा तो विसरला. लागतच नव्हत्या. मन मानेल तिथे फिरायचा आणि उजेड पाळलेल्या कुत्र्यासारखा मागे यायचा. वर कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. स्टेजवरून वर बघितलं की डोळे दिपतात, झोतामागचं माणूस दिसत नाही. आणि कपडे शिवणाऱ्या बाईचं तोंड त्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं. एकदा जिन्यात काकू समोर आली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही का झोतबाई? चांगलं धरता." आणि तिच्या खांद्यावर थोपटून पुढे गेला. काकूनं घरी येऊन ते पोलकं धुवायला टाकलं.

मग त्यानं कंपनीतच स्वतःचं नाटक काढलं. दोन तास एकटा स्टेजवर. म्हाताऱ्या न्यायाधीशाची भूमिका, झुपकेदार खोट्या मिशा, आणि जवळजवळ सगळं नाटक झोतावर. जाहिरातीत नुसतं त्याचं तोंड. काकूनं ती जाहिरात बघितली आणि म्हणाली, "शिजलं."

सुरुवात तिनं अगदी थोड्यापासून केली. झोत पाऊलभर उशिरा. कधी झोताची कड बरोबर त्याच्या हनुवटीवर, म्हणजे तोंड अंधारात आणि पोट उजेडात. महत्त्वाच्या वाक्याला एखादा क्षण उजेड मंद. प्रेक्षकांना कळायचं नाही, पण त्याला कळायचं. तो दचकायचा, उजेडाकडे सरकायचा, त्या सरकण्यात शब्द चुकायचा. आत आला की आरडाओरडा. मॅनेजर वर येऊन काकूशेजारी बसला. त्या दिवशी झोत असा पडला की मॅनेजरनं हात जोडले आणि खाली जाऊन दिवट्याला सांगितलं, साहेब, डोळे तपासून घ्या.

त्यानं डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले. हे त्याच्या दृष्टीनं जास्तच वाईट झालं.

हळूहळू कुजबुज सुरू झाली. जुनी माणसं कँटीनमध्ये चहा पिता पिता म्हणायला लागली, साहेबांचा तोल जातो हल्ली. घेऊन येतात वाटतं. एकानं काकूला विचारलं, "झोतबाई, तुम्हाला वरून सगळं दिसतं. खरं आहे का?"

"दिसण्याचं मला ठाऊक नाही," काकू म्हणाली. "वास मात्र येतो."

वास यायचाच. त्या खोट्या मिशा ज्या डिंकानं चिकटवतात तो स्पिरिटमधला असतो. दोन तास तो त्याच्या नाकाखाली असायचा. "मी काही खोटं बोलले नाही," काकू मला पुढे म्हणाली. "वास येतो एवढंच सांगितलं. त्यानंही तेव्हा तेवढंच सांगितलं होतं." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी तिच्या शिवलेल्या कुठल्याही कपड्याबाबत पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. एका शनिवारी काकू मला म्हणाली, "उद्या दुपारच्या प्रयोगाला वर माझ्याकडे ये. बघण्यासारखं आहे."

रविवारची दुपार होती आणि प्रेक्षागृह भरलेलं. पेपरवाले आले होते, पहिल्या रांगेत मोठी माणसं होती. त्या वर्षी दिवट्याला एक मोठा सन्मान मिळायचं घाटत होतं, ते ठरवणारेही आले होते म्हणे. झोताच्या खोलीत एक माणूस नीट मावेल एवढीच जागा. दिव्याच्या धगीनं भिंतसुद्धा गरम. काकूनं कपाळाला ओला रुमाल बांधला होता. मी तिच्या पायाशी बसून छोट्या खिडकीतून खाली बघत होते.

पहिला अंक सुंदर झाला. मला वाटलं, तिचं मन पालटलं. दुसऱ्या अंकातही काही नाही. मग शेवटचं भाषण आलं. म्हातारा न्यायाधीश आयुष्यभर दिलेल्या निकालांचा पश्चात्ताप करतो, असं ते भाषण. दिवटा स्टेजच्या मधोमध आला, श्वास घेतला, आणि काकूनं झोत हलकेच उचलून बाजूला नेला. उजवीकडे, जिथे काहीच नव्हतं. नुसती लाकडी जमीन. तिथे तो गोल नेऊन तिनं थांबवला आणि दिव्याची कळ फिरवून अगदी स्वच्छ, कडक कडेचा केला.

"तिथे पडले होते हे," ती हळूच म्हणाली. मला नाही, अशीच.

दिवटा अंधारात बोलत होता. पाचशे माणसं रिकाम्या जमिनीकडे बघत होती. त्याला कळलं, तसा तो उजेडाकडे सरकला. उजेड पुढे सरकला. तो दोन पावलं गेला, उजेडही दोन पावलं गेला. कोणीतरी फिस्कन हसलं. त्यानं हात पुढे केला, हात उजेडात आणि बाकीचा तो अंधारात. आता बाल्कनीतून हशा आला. त्यानं एकदम उलटं वळून झोताला फसवायचा प्रयत्न केला. पण काकू मांजरावर शिकली होती.

मग तो थांबला आणि भूमिका सोडून, स्वतःच्या आवाजात, वर बघून ओरडला, "ए झोतबाई, इकडे टाक ना. तोंडावर. माझ्या तोंडावर."

तेव्हा काकूनं टाकला. सगळाच्या सगळा, पांढरा, पूर्ण जोरात. घामानं एका बाजूची मिशी सुटून ओठावर लोंबत होती. तोंड रागानं वाकडं. लोक हसत राहिले, त्याला वाक्य आठवेना, आणि काकूनं झोत तसूभरही हलवला नाही. पडदा पाडेपर्यंत तो तिथेच उभा होता. पडदा पाडणाऱ्यानंही जरा वेळच लावला. त्याचं काकांशी चांगलं होतं.

थोड्याच वेळात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं. दिवटा तसाच, मिशी हातात. मला वाटलं आता हा हिला मारणार. काकू दिवा बंद करून रुमालानं मान पुसत होती.

"बाई, तुम्हाला वेड लागलंय का? काय केलंत हे? का?"

"बसा," काकू म्हणाली. जागा नव्हती, तो उभाच राहिला. "शिडी आठवते?"

"कसली शिडी?"

"दिवेवाल्याची. तुम्ही धरली होती. फोटोवाला आला आणि सोडलीत."

मी त्याचं तोंड बघत होते. तो नट होता, पण त्या क्षणी तो नाटक करत नव्हता असं मला आजही वाटतं.

"तो दारू पिऊन पडला होता," तो म्हणाला. "मी होतो तिथे. मी धरली नव्हती शिडी."

"धरली होतीत."

"नाही हो. मी किती वेळा सांगितलंय हे. सगळ्यांना माहीत आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "तुम्ही कोण त्याच्या?"

"बायको. तिथेच पडद्याआड होते."

खोटं इतक्या वेळा सांगून झालं होतं की खरं त्याच्याकडे उरलंच नव्हतं. पण काहीतरी कुठेतरी हललं असावं. त्यानं भिंतीला हात लावला, ती गरम होती म्हणून काढला, आणि विचारलं, "फोटो कसला होता?"

"हसरा," काकू म्हणाली. "केसांतून हात फिरवला होतात. छान आलाय. डावी बाजू."

त्यानं हातातली मिशी खिशात टाकली. मग खाली गेला. जिन्यावर आता पावलांचा आवाज अगदी सावकाश येत होता.

मॅनेजर आला तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "झोतबाई, उद्यापासून येऊ नका. माझा नाइलाज आहे."

"येणार नव्हतेच," काकू म्हणाली. "काच तेवढी पुसून ठेवलीय."

घरी आल्यावर तिनं काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. काकांचं तोंड काळवंडलं.

"माझ्याकडून शिकून झोत चुकवलास?" ते म्हणाले. "नट स्टेजवर असताना? तो कोण का असेना, नट होता तो. माझ्या कामाला काळं फासलंस तू."

"तुमच्या कामाला मी फासलं असेल," काकू म्हणाली. "तुम्हाला कोणी फासलं होतं ते मी बघितलंय."

काका तिच्याशी बोलेनासे झाले. ती पलंगापाशी चहा ठेवायची, ते प्यायचे, कप ठेवायचे, बोलणं नाही. काकू पुन्हा शिवणयंत्रावर बसली. शेजारपाजारचे कपडे शिवायला घेतले आणि माफी काही मागितली नाही. आई मधे पडायला गेली तर म्हणाली, "रुसू दे त्यांना. इतकी वर्षं रुसायलासुद्धा त्यांना कोणी मिळालं नव्हतं."

बरेच दिवस गेले. एका दुपारी मी वर बसले होते. काकू बटणं लावत होती. काका एका पंख्याचं पातं सरळ करत होते. पात्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "कड मऊ ठेवली होतीस का?"

काकूनं मान वर केली नाही. "मऊ कशाला? कडक."

"हूं." पातं फिरवलं. "आणि तो उलटा वळला तेव्हा? आधी कळलं तुला?"

"खांदा दिसला."

"खांदाच दिसतो आधी," काका म्हणाले. मग पातं उजेडात धरून बघत, "बाल्कनीपण हसली?"

"बाल्कनी तर आधी हसली."

काकांनी पातं खाली ठेवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला, काकूनं उठून पाणी दिलं, आणि त्यानंतर ती दोघं पूर्वीसारखी बोलू लागली.

दिवट्याला तो सन्मान मिळाला नाही. पुढच्या प्रयोगांना झोतावर एक चांगला अनुभवी माणूस बसवला होता. त्याचा झोत कुठेही चुकला नाही. पण दिवटा आता वाक्याच्या मधेच डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघायचा. पडद्याआडून प्रत्येक प्रवेशाला विचारायचा, वर कोण आहे, बघून या. उजेड जवळ आला तरी दचकायचा, लांब गेला तरी दचकायचा. काकू घरी बटणं लावत होती आणि तो तिला त्या खोलीत शोधत होता. हे मॅनेजरकडून कळलं तेव्हा तिनं त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, कसा हात धरतो, किती वेळा बघतो. मॅनेजरला चहा दोनदा दिला.

नाटक बंद पडलं. दिवट्यानं मग स्टेजच सोडलं आणि आवाजाची कामं घेतली, जिथे बंद खोलीत माईकसमोर बसून वाचायचं असतं. बरं करायचा म्हणतात. एकदा मुलाखतीत कोणीतरी त्याला म्हणालं, तो दिवेवाल्याचा किस्सा सांगा ना. आम्ही रेडिओच ऐकत होतो. बराच वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "ते राहू द्या." या वेळी आवाज कोणी वाढवला नाही, कमीही केला नाही.

माझ्या आईचा स्वभाव मवाळ. दिवटा एकटा पडला, त्याच्याकडे कोणी जात नाही, असं ऐकलं की तिला वाईट वाटायचं. एकदा दोघी जावा भाजी निवडत बसल्या होत्या तेव्हा तिनं काकूला विचारलं, "तुला नाही वाटत, जरा जास्तच झालं?"

काकूनं हातातली शेंग मोडली, आतले दाणे बघितले.

"जास्त कसलं, वहिनी? तो आपल्या दोन पायांनी जिना उतरून घरी गेला."